झाकण गोल का असतं? टेक कंपन्यांच्या मुलाखतींचा चटपटीत मसाला, खास भातसानगरसाठी

भातसानगर ही मुळात इंजिनिअरांची वसाहत. भातसा आणि चोरणा नद्यांवर धरण बांधायचं ठरलं, पाटबंधारे खात्याची क्वार्टर्स उभी राहिली, आणि 88.5 मीटर उंचीची भिंत वर चढताना बघत इथली एक पिढी मोठी झाली. इंजिनिअर म्हणजे काय हे त्या पोरांना पुस्तकात शोधावं लागलं नाही. आता शहापूर, किन्हवली, डोळखांब, पलीकडे सरळगाव-टोकावड्याची मुलं 'कॉम्प्युटर' नाहीतर 'आयटी' घेऊन डिग्री करतात आणि आसनगावहून लोकल पकडून ठाणे, ऐरोली, पवई गाठायचं स्वप्न बघतात. मधे एकच दार आहे, मुलाखत. त्या दाराची घरोघरी धास्ती फार, माहिती थोडी.

म्हणून हा मसाला. एवढं आधीच सांगून टाकू: मुलाखत शिकता येते. आणि मुलाखतीत पडलेला माणूस इंजिनिअर म्हणूनही कच्चा असतो, हे तर साफ खोटं. पुरावे पुढे ढिगाने आहेत.

आइनस्टाइन नापास!

नोकरीसाठी अवघड प्रश्न विचारायची हौस गूगलच्या फार आधीची. 1921 मध्ये थॉमस एडिसनने आपल्याकडे नोकरी मागायला येणाऱ्या पदवीधरांसाठी दीडशेच्या आसपास प्रश्नांची यादीच काढली. भूगोल, इतिहास, कुठला माल कुठून येतो, कशाचं वजन किती, असा सगळा पाठांतराचा मामला. प्रश्न फुटले, वर्तमानपत्रांत छापून आले आणि अख्खी अमेरिका ते सोडवत बसली. त्याच वर्षी आइनस्टाइन अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. त्यालाही यातला एक प्रश्न टाकण्यात आला: ध्वनीचा वेग किती? आइनस्टाइन म्हणाला, पुस्तकात सहज मिळते ती माहिती मी डोक्यात ठेवत नाही.

एडिसनच्या कारखान्यात त्याची डाळ शिजली नसती, हे उघड आहे.

गोल झाकणाचं कोडं

मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतींनी 1990च्या दशकात एक प्रश्न जगभर गाजवला: रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण गोल का असतं? उत्तर सोपं आहे, आणि ऐकल्यावर छान वाटतं. गोल झाकण कसंही फिरवलं तरी त्याची रुंदी तेवढीच राहते, त्यामुळे ते आपल्याच भोकातून आत पडत नाही. चौकोनी झाकण कर्णात तिरकं धरलं की गेलं खाली. शिवाय गोल झाकण गडगडत नेता येतं आणि बसवताना कोपरे जुळवावे लागत नाहीत. फुजी पर्वत हलवायचा झाला तर कसा हलवाल, हाही असाच गाजलेला प्रश्न. या सगळ्या प्रकारावर विल्यम पाउंडस्टोन यांनी 2003 मध्ये पुस्तकच लिहिलं.

दुसरं लाडकं कोडं अंड्यांचं. शंभर मजली इमारत, हातात दोन अंडी. कितव्या मजल्यापासून अंडं फुटतं ते शोधायचंय. वाईटात वाईट नशीब धरलं तरी कमीत कमी किती वेळा टाकून बघावं लागेल? उत्तर 14. पहिलं अंडं चौदाव्या मजल्यावरून टाका. नाही फुटलं तर 13 मजले वर जा, मग 12, मग 11, प्रत्येक वेळी उडी एकेकाने कमी. ज्या वेळी फुटेल त्या वेळी मधले मजले दुसऱ्या अंड्याने एकेक करून तपासा. 14 पासून 1 पर्यंतची बेरीज 105 होते, म्हणून शंभर मजले आरामात बसतात.

मजा आहे की नाही? पण 2013 मध्ये गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझलो बॉक यांनी न्यूयॉर्क टाइम्सला सरळ सांगून टाकलं की असली कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. कोडं सुटण्याचा आणि पुढे काम चांगलं करण्याचा काही संबंध त्यांना सापडला नाही. विचारणाऱ्याला आपण फार हुशार आहोत असं वाटतं, एवढाच काय तो उपयोग. म्हणजे कित्येक वर्षं किती हुशार पोरं झाकणांवरून घरी गेली असतील, विचार करा.

भातसाचं पाणी माणशी किती?

कोड्यांचा एक चुलतभाऊ मात्र अजून टिकून आहे आणि तो टिकावा असाच आहे: अंदाजाचा प्रश्न. शहरात पेट्रोल पंप किती असतील, दिवसाला किती संदेश जात असतील, त्यासाठी किती सर्व्हर लागतील. इथे उत्तर बरोबर येण्यापेक्षा पायऱ्या कशा मांडता ते बघतात. आपल्या अंगणातलंच उदाहरण घेऊ.

समजा विचारलं: भातसा तुडुंब भरलं आणि नंतर पावसाचा थेंब नाही, तर एकट्या भातसावर मुंबई किती दिवस निघेल?

मुंबई महापालिकेच्या हिशेबात भातसाचा उपयुक्त साठा 7,17,037 दशलक्ष लिटर. 2011च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख. भागाकार करा: माणशी साधारण 57,600 लिटर. शहरात माणशी रोज 135 लिटर हा आपल्याकडचा नेहमीचा मापदंड. पुन्हा भागा: जवळपास 427 दिवस. म्हणजे सव्वा वर्षाला थोडं कमी.

आता खरा इंजिनिअर इथे थांबत नाही, आणि मुलाखत घेणाराही याचीच वाट बघत असतो. बाष्पीभवन धरलंय का? पाइपातली गळती? कारखाने, हॉटेलं, इस्पितळं यांचं पाणी वेगळं नाही का? 2011 नंतर लोकसंख्या वाढली त्याचं काय? ठाण्याला आणि शेतीला जाणारं पाणी? प्रत्येक प्रश्नासरशी 427 खाली येत जातो. हे सगळं मोठ्याने बोलत बोलत करायचं. कागदावर गप्प बसून 427 लिहिणाऱ्यापेक्षा मोठ्याने शंका काढत 250 वर येणारा उमेदवार भाव खाऊन जातो.

जाता जाता: मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांचा मिळून साठा 14,47,363 दशलक्ष लिटर आहे. त्यातला जवळपास निम्मा एकट्या भातसाचा. आणि हे धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे, तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. हा प्रश्न कुठल्याही मुलाखतीत विचारत नाहीत, पण सोडवायला इंजिनिअर लागणार आहेत.

हायवेवरची पाटी

2004 मध्ये कॅलिफोर्नियातल्या हायवे 101 वर एक भलीमोठी पाटी लागली. कंपनीचं नाव नाही, लोगो नाही. मजकूर एवढाच: 'e' या गणिती संख्येच्या अंकांमध्ये सलग सापडणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या, आणि पुढे डॉट कॉम. उत्तर होतं 7427466391. ते काढून त्या पत्त्यावर गेलं की आणखी एक कोडं, आणि तेही सुटलं की समोर गूगलचं निमंत्रण: अर्ज पाठवा. कॉलेजचं नाव नाही, टक्के नाहीत, ओळखपाळख नाही.

आत काय चालतं?

आपल्याकडचा नेहमीचा रस्ता वेगळा. कॉलेजातली नोकरीभरती बघणारे टीपीओ सर नोटीस लावतात, पूल कॅम्पस असतो, चार-पाच कॉलेजांची मुलं एका हॉलमध्ये. दहावी, बारावी, डिग्री सगळीकडे 60 टक्के ही मोठ्या भरती करणाऱ्या कंपन्यांची वर्षानुवर्षांची अट. केटी शिल्लक असेल तर बहुतेक ठिकाणी दार बंद, काही ठिकाणी एखादी चालते. मग ऑनलाइन अ‍ॅप्टिट्यूड, मग टेक्निकल, मग एचआर. टीसीएसची एनक्यूटी परीक्षा यातलीच. टीसीएसमध्ये आज सहा लाखांच्या आसपास माणसं कामाला आहेत, तेव्हा गाळणी लावल्याशिवाय त्यांचंही भागणार नाही.

स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रॉडक्ट कंपन्यांचा मामला म्हणजे कोडिंग राऊंड. एका तासात एक किंवा दोन प्रश्न. पूर्वी फळ्यावर लिहायला लावायचे. पुढे गूगलने कित्येक वर्षं साध्या गूगल डॉकमध्ये कोड लिहून घेतला: रंग नाहीत, चुका दाखवणारं काही नाही, प्रोग्रॅम चालवून बघायची सोय नाही. म्हणून तयारी करताना कधीतरी कागद-पेन घेऊन कोड लिहावा. हाताला लागलेली कॉम्प्युटरची सवय त्या तासापुरती मोडावी लागते.

सगळ्यात जुना सरावाचा प्रश्न बघा. हजार आकड्यांची यादी आहे, त्यातले कुठले दोन मिळवले की 100 होतात? सरळ मार्ग: प्रत्येक आकडा इतर प्रत्येकाशी जुळवून बघायचा. जोड्या किती? 4,99,500. आता दुसरा मार्ग. यादी एकदाच वाचत जायची. 37 आला की 63 आधी येऊन गेलाय का तेवढं बघायचं, नसेल तर 37 टिपून ठेवायचा आणि पुढे. हजार पावलांत काम खलास. पाच लाखांवरून हजारावर! मुलाखतीत आधी तो सरळ मार्गच सांगावा, तो किती महागात पडतो हे आपणच बोलून दाखवावं, आणि मग दुसऱ्यावर यावं. पहिल्या मिनिटालाच 'भारी' उत्तर पाठ म्हणून दाखवणारा पुढच्या उपप्रश्नाला हमखास अडकतो.

आणि प्रश्न कळला नसेल तर विचारा. यादीत एकच आकडा दोनदा येऊ शकतो का? उणे आकडे आहेत का? आपल्याकडे शाळेत प्रश्न विचारणारा पोरगा म्हणजे ज्याला येत नाही तो. इथे उलटं आहे, विचारण्याचे मार्क मिळतात.

नागपूरचं पुस्तक

अ‍ॅप्टिट्यूड आणि टेक्निकलच्या तयारीत अख्ख्या देशाच्या पोरांनी उशाशी ठेवलेलं एक पुस्तक नागपूरच्या माणसाचं आहे. यशवंत कानेटकर यांचं 'सी' या प्रोग्रॅमिंग भाषेवरचं 'लेट अस सी'. पॉइंटर म्हणजे काय, हे ज्या मास्तरांना फळ्यावर जमलं नाही ते या पुस्तकाने समजावलं. कॅम्पसमध्ये विचारले जाणारे 'या प्रोग्रॅमचं आउटपुट काय?' छापाचे प्रश्न सोडवायला त्यांच्या पुस्तकांएवढा सराव दुसरीकडे कुठे नव्हता. झेरॉक्स प्रतींवर तरलेल्या हॉस्टेलांची संख्या कोणी मोजलेली नाही, नाहीतर तोही एक विक्रम ठरला असता.

पोस्टकार्डाने उघडलेलं दार

1974. बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये एम.ई. करणाऱ्या सुधा कुलकर्णी यांना नोटीस बोर्डावर टाटांच्या पुण्यातल्या टेल्कोची जाहिरात दिसली. तळाशी ओळ: मुलींनी अर्ज करू नये. त्यांनी पोस्टकार्ड घेतलं आणि थेट जेआरडी टाटांना लिहून विचारलं की तुमच्या कंपनीत हा भेदभाव कसा? उत्तरादाखल तार आली, पुण्याला मुलाखतीला या, येण्याजाण्याचा खर्च आमचा. नेमणूक झाली आणि टेल्कोच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून उभी राहिलेली ती पहिली बाई ठरली. त्याच पुढे सुधा मूर्ती.

नंतरचा भागही पुण्याचाच. 1981 मध्ये पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समधून बाहेर पडलेल्या सात जणांनी पुण्यात इन्फोसिस काढली, सुधाबाईंच्या साठवणीतल्या 10,000 रुपयांवर. गंमत अशी की सुधाबाईंचे पती नारायण मूर्ती स्वतः इन्फोसिसचे चौथे कर्मचारी, कारण पटनीतलं हातातलं काम संपवून यायला त्यांना वेळ लागला. त्या सातांमधल्या नंदन नीलेकणींची पटनीतली मुलाखत 1978 मध्ये घेतली होती ती याच मूर्तींनी. एका नोकरीच्या मुलाखतीतून पुढची कंपनी जन्माला आली म्हणायची. 1983 मध्ये इन्फोसिस बंगळुरूला गेली. पुण्याची ती हळहळ अजून गेलेली नाही.

तीस वर्षांनी चक्र कुठवर गेलं बघा. पुण्यात वाढलेल्या रुची संघवी 2005 मध्ये फेसबुकच्या पहिल्या महिला इंजिनिअर झाल्या. 2006 मध्ये 'न्यूज फीड' सुरू झालं त्या कामात त्या पुढे होत्या. लोक इतके भडकले की फेसबुकवरच त्याविरुद्ध लाखोंचे गट जमले. आज बोटाने जे सरकवत बसतो आपण, तेच ते.

करमरकरांची पद्धत

मोठ्या टेक कंपनीत मराठी इंजिनिअर काय करू शकतो याचं माझ्या मते सगळ्यात झणझणीत उदाहरण म्हणजे नरेंद्र करमरकर. जन्म ग्वाल्हेरचा, 1978 मध्ये आयआयटी मुंबईतून इलेक्ट्रिकलची पदवी, मग अमेरिकेत पीएच.डी., आणि नोकरी एटी अँड टीच्या बेल लॅब्जमध्ये. तिथे 1984 मध्ये, ऐन तिशीच्या आत, त्यांनी 'लिनिअर प्रोग्रॅमिंग'ची प्रचंड मोठी गणितं सोडवायची नवी पद्धत मांडली. विमानं कुठून कुठे पाठवायची, फोनच्या लाइनी कशा वाटायच्या, कारखान्यात कुठला माल किती काढायचा, असल्या हजारो अटींच्या प्रश्नांना तोवर एकच चालू मार्ग होता: शक्यतांच्या आकाराच्या कडेकडेने, एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जायचं. करमरकरांनी आतून वाट काढली. न्यूयॉर्क टाइम्सने बातमी पहिल्या पानावर छापली.

कंपनीने 1988 मध्ये त्यावर पेटंट मिळवलं. गणिताच्या पद्धतीवर पेटंट कसं देता येईल, म्हणून जगभर वाद पेटला. ती पद्धत वापरणारं यंत्र 'कॉरबेक्स' या नावाने विकायला काढलं, किंमत 89 लाख डॉलर. सॉफ्टवेअरवर मालकी कोणाची, या आजच्या भांडणाची एक मुळी इथे सापडते.

आणि खेड्यातून वर येण्याचंच म्हणाल, तर विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर पुण्यात 1988 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक उभी राहिली आणि 1991 मध्ये 'परम 8000' तयार झाला. अच्युत गोडबोले सोलापूरचे, आयआयटीतून केमिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडले ते आधी शहाद्याच्या आदिवासींच्या चळवळीत गेले आणि मग सॉफ्टवेअरमध्ये येऊन पटनी, सिंटेल यांसारख्या कंपन्यांत वरच्या पदांवर पोहोचले. 'गॅप का आहे?' या एचआरच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर कोणाकडे असेल?

नाकारलेल्यांची पंगत

आता सुरुवातीला कबूल केलेले पुरावे.

ब्रायन अ‍ॅक्टन. 2009 मध्ये ट्विटरने नाकारलं, फेसबुकने नाकारलं. मग त्यांनी जॅन कूम यांच्याबरोबर व्हॉट्सअ‍ॅप उभं केलं. 2014 मध्ये फेसबुकने ते 19 अब्ज डॉलर मोजून घ्यायचं ठरवलं.

मॅक्स हॉवेल. त्यांचं 'होमब्रू' हे साधन मॅकवर काम करणारे प्रोग्रॅमर सर्रास वापरतात, गूगलमधलेही. 2015 मध्ये गूगलच्या मुलाखतीत फळ्यावर 'बायनरी ट्री उलटा करा' हे जमलं नाही म्हणून त्यांना परत पाठवलं. त्यांनी ते जाहीरपणे लिहिलं आणि जगभरच्या प्रोग्रॅमरांत वाद रंगला. तेव्हापासून तो प्रश्न सरावाच्या प्रत्येक यादीत वर असतो.

केन थॉम्प्सन. युनिक्सचा जनक, 'सी'च्या आधीची 'बी' भाषा ज्याने लिहिली तो. म्हातारपणी गूगलमध्ये कामाला लागला. तिथे कंपनीच्या कोडमध्ये भर घालायची तर आधी त्या भाषेतली परीक्षा द्यावी लागायची. थॉम्प्सनने दिली नव्हती, म्हणून 'सी'मधला कोड त्याला जमा करता येत नव्हता! 2009 मध्ये आलेल्या 'कोडर्स अ‍ॅट वर्क' या पुस्तकात त्याने हे स्वतःच सांगितलंय.

किती फेऱ्या पुरे?

एकेकाळी गूगलमध्ये दहा-बारा फेऱ्या व्हायच्या. मग त्यांनी आपल्याच आकड्यांचा अभ्यास केला, तर चार मुलाखतींत निर्णय 86 टक्के खात्रीने घेता येतो आणि पाचवीपासून फारशी भर पडत नाही असं निघालं. नियम झाला: चार बस्स.

अ‍ॅमेझॉनमध्ये 'बार रेझर' नावाचा एक पाहुणा मुलाखतीत बसतो. तो त्या टीमचा नसतो, जागा रिकामी राहिली तरी त्याचं काही अडत नाही, आणि नको म्हणायचा पूर्ण अधिकार त्याच्याकडे असतो. घाईत कोणालाही भरू नये म्हणून ही व्यवस्था. तिथे कोडइतकाच भर 'असा प्रसंग सांगा जेव्हा तुम्ही...' या प्रश्नांवर असतो. परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय होतं, तुम्ही नेमकं काय केलंत, निष्पन्न काय झालं, अशा क्रमाने बोलावं. 'आम्ही केलं' असं सांगत राहिलात तर 'त्यात तुम्ही काय केलंत?' हा प्रश्न येणारच. कॉलेजचं प्रोजेक्ट, गणपती मंडळाचा हिशेब, घरच्या भातशेतीच्या दिवसांत परीक्षा सांभाळली तो प्रसंग, सगळं चालतं, फक्त खरं असावं.

करोनानंतर मुलाखती घरबसल्या झाल्या, आणि रेंज मिळवायला गच्चीवर जाणाऱ्या आपल्या भागातल्या मुलांचा मुंबईचा हेलपाटा वाचला. पण आता एआयने लपून उत्तरं सांगणारी साधनं निघालीत. म्हणून 2025 पासून गूगल निदान एक फेरी समोरासमोर घेण्याकडे वळलंय. फळा परत येतोय!

नोकरी लागली, पुढे?

पहिला धक्का: लिहायचं कमी, वाचायचं फार. 2015च्या हिशेबाने गूगलच्या एका सामायिक भांडारात सुमारे दोन अब्ज ओळींचा कोड होता. नवा माणूस आला की त्याने आधी दुसऱ्यांनी लिहिलेलं समजून घ्यायचं, मग दोन ओळी बदलायच्या, आणि त्या दोन ओळी दुसऱ्या इंजिनिअरने तपासल्याशिवाय पुढे जात नाहीत. 'कोड रिव्ह्यू'त लाल शेरे आले म्हणून रडू नये. वीस वर्षं काढलेल्यांनाही येतात.

दुसरा धक्का: मिटिंगमधली शांतता. अ‍ॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी 2004 मध्ये पॉवरपॉइंट बंद केलं. त्याऐवजी सहा पानी टिपण. मिटिंगची सुरुवातीची वीस-तीस मिनिटं सगळे ते गप्प बसून वाचतात. शाळेत निबंध बरा लिहिणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

तिसरा: ऑन-कॉल. आठवडाभर फोन उशाशी. रात्री दोनला सर्व्हर आडवा झाला की उठायचं. भातसानगरला हे नवीन नाही. जुलै-ऑगस्टच्या रात्री पाणलोटात पाऊस कोसळतो, पातळी दर तासाला टिपली जाते, पाच दरवाजे किती उघडायचे ते ठरतं आणि त्याआधी नदीकाठच्या गावांना इशारा जातो. सर्व्हरवर लोड चढताना इंजिनिअर हेच करतो: पातळी बघ, आधी कळव, थोडं थोडं सोड.

4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सहाएक तास जगभर बंद पडलं. नेटवर्कच्या नेहमीच्या देखभालीत दिलेली एक आज्ञा चुकली आणि कंपनी इंटरनेटवरूनच गायब झाली. कर्मचाऱ्यांचे दार उघडणारे बॅजसुद्धा चालेनात, अशा बातम्या आल्या. अशा घोटाळ्यानंतर चांगल्या कंपनीत 'कोणाची चूक' असं विचारत नाहीत. ही चूक होऊच कशी शकली, ते लिहून काढतात आणि तो रस्ता बुजवतात.

पॅकेज, पॅकेज

'एक कोटीचं पॅकेज' ही बातमी वाचताना एक सवय लावून घ्या: आकडा फोडायचा. त्यात मूळ पगार असतो, एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस असतो आणि शेअर असतात, जे चार वर्षांत हप्त्याहप्त्याने हाती पडतात. अ‍ॅमेझॉनची वाटणी प्रसिद्ध आहे: पहिल्या वर्षी 5 टक्के, दुसऱ्या वर्षी 15, मग 40 आणि 40. दोन वर्षांत सोडलंत तर ऐंशी टक्के गेले.

आपल्याकडे भरतीच्या कंपन्यांत फ्रेशरचा आकडा बरीच वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतोय. महागाई कुठल्या कुठे गेली, हा तिथेच. हे बरोबर नाही आणि तसं म्हटलं पाहिजे. त्यातही सीटीसीमध्ये, म्हणजे पॅकेजच्या एकूण आकड्यात, कंपनीने भरायचा प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी धरलेली असते, म्हणून घरी येणारी रक्कम बाराने भागून निघत नाही. ऑफर लेटर घरात सगळ्यांनी मिळून वाचावं, बाँडची अट असेल तर मुदत आणि रक्कम दोन्ही बघावी.

आणि हे ठळक अक्षरांत: मुलाखतीसाठी, ट्रेनिंगसाठी, लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी पैसे मागणारी नोकरी खोटी असते. कुठलीच मोठी कंपनी नोकरी द्यायला उमेदवाराकडून रुपया घेत नाही.

आसनगाव ते ऐरोली

लोकलने ठाणे, मग पूल चढून 9-10 नंबरचा प्लॅटफॉर्म, तिथून ट्रान्स-हार्बर. 2004 मध्ये ही लाइन सुरू झाली आणि ऐरोली, घणसोली, महापेचे आयटी पार्क कल्याण-कसाऱ्याच्या अंगणात आले. एक लोकल चुकली की पुढच्या गाडीपर्यंत थांबावं लागतं, तेव्हा मुलाखतीच्या दिवशी एक गाडी आधीची धरावी. प्रवासातला वेळ मात्र फुकट नाही. आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएलवरचे अभ्यासक्रम बघायला पैसे पडत नाहीत. रात्री डाउनलोड करून ठेवले की वाटेत रेंज गेली तरी चालतं.

शेवटची पाच मिनिटं

जवळपास प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी विचारतात: तुम्हाला काही विचारायचंय? आपली बहुतेक मुलं 'नो सर, थँक्यू सर' म्हणून उठतात. बसा. ही पाच मिनिटं तुमची आहेत, आणि समोरच्याला रोज तिथे काम करताना काय वाटतं ते कळायची हीच एक वेळ. नवीन आलेल्याला पहिल्या तीन महिन्यांत कसलं काम देता? माझा कोड कोण तपासेल? ऑन-कॉल किती आठवड्यांनी येतो? ट्रेनिंगनंतर बेंचवर, म्हणजे कामाविना, किती दिवस बसावं लागतं? गेल्या वर्षी तुमच्या टीममध्ये सगळ्यात मोठा घोटाळा कुठला झाला, आणि त्यानंतर तुम्ही काय बदललंत?